ढोरांचं पाणी जंगलावर सोडू नका

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावाला आणि टोल्याला ही कळकळीची विनंती आहे. येत्या आठ दिवसांत गावाच्या आखरावर, म्हणजे सकाळी ढोरं जमतात त्या जागी, ढोरांसाठी पाण्याचं टाकं तयार करा. जुनं असेल तर त्याच्या भेगा बुजवून घ्या. मिरगाचा पाऊस पडून नाले वाहते होईपर्यंत ते टाकं एकही दिवस कोरडं पडू देऊ नका.

एप्रिल संपत आला आहे. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वर असतात. पारा ४५ च्या पुढे गेला तरी आता कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो, म्हणजे अजून सात आठवडे काढायचे आहेत. माणसांसाठी नळयोजना आहे, ती बंद पडली तर टँकरची मागणी होते, पंचायतीसमोर रिकामे गुंड-हंडे घेऊन बाया बसतात. आखरावरून सकाळी निघणाऱ्या शे-दीडशे ढोरांच्या पाण्याची नोंद मात्र कोणाच्याही वहीत नसते. ती कुठेतरी पितात, असं आपण धरून चालतो.

ती कुठे पितात, ते पाहा. धान निघालं, मागून लाखोळी-हरभरा उचलला, की ढोरं मोकळी सुटतात. बांध्यांत खायला काही उरलेलं नसतं, तरी सुरुवातीला बोडीत, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्यात, पाणी असतं, मार्चपर्यंत नाल्याच्या डबक्यांत असतं. त्यानंतर गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, कळपाला घेऊन पाण्याच्या मागे जंगलात आत आत शिरतो, कारण एखादा डोह, एखादा झिरा तिथेच उरलेला असतो. तो डोह वाघाचाही असतो. उन्हाळ्यात वाघ दुपारभर पाण्यात किंवा पाण्याकाठच्या सावलीत बसून राहतो, हे ताडोब्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि आता वाघ काही ताडोब्याच्या हद्दीत मावलेला नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल इथल्या जंगलांत तो आहे, वैनगंगा ओलांडली की वडसा, आरमोरी, गडचिरोलीच्या जंगलांतही आहे. तहानलेला कळप पाण्याचा वास लागला की थांबत नाही, आणि त्याला वळवायला काठी घेऊन पुढे धावतो तो गायकीच.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. तेंदू आणि मोहासाठी जंगलात जावंच लागतं, वर्षभराची मीठमिरची त्यावर चालते. कोणी घरी बसा म्हटलं तरी लोक जाणार, आणि त्यांनी का जाऊ नये? पण पाण्यासाठी ढोरं जंगलात नेणं ही गोष्ट वेगळी आहे. ती टाळता येते, फार थोड्या खर्चात टाळता येते, आणि ती टाळणं गावाच्याच हातात आहे. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे. गावाजवळचं एक भरलेलं टाकं ढोरांचा जीव वाचवतं आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या माणसाचाही. गायकी गावातल्या सर्वांत गरीब घरांतला असतो. धान्यावर किंवा महिन्याच्या थोड्या पैशावर तो साऱ्या गावाची ढोरं राखतो. त्याला कोणत्या पाण्यावर पाठवायचं, हे आपण ठरवत नाही म्हणून त्याला ते जिवावर उदार होऊन ठरवावं लागतं.

आता थोडं ढोरांच्या शरीराविषयी, कारण 'देशी ढोर आहे, काटक असतं, एक वेळ पाणी नसलं तरी चालतं' हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. आपल्या भागातली कठाणी गाय आणि तिचे बैल खरोखरच काटक आहेत. चण लहान, पाय घट्ट, धानाच्या चिखलात दिवसभर चालणारे. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून कठाणीची नोंदही झाली आहे, आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा. पण काटकपणाला पाण्याची सूट नसते. पावसाळ्यातल्या हिरव्या गवतात तीन-चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे तेव्हा जनावराची निम्मी तहान चरण्यातच भागते. मे महिन्यात त्याच्या पोटात जातं ते तणस आणि वाळलेलं गवत, ज्यात शंभर भागांत दहा-बारा भाग ओल असते. ही वाळलेली वैरण पोटात भिजल्याशिवाय, आंबल्याशिवाय पचत नाही, आणि ती भिजवायला पाणी लागतं. पाणी कमी पडलं की ढोर आधी खाणं कमी करतं. रवंथ मंदावतो, शेण घट्ट आणि कमी होतं, दूध आटतं. अंग थंड ठेवायला घाम आणि धाप यांतून पाणी जातच असतं. मग एका दुपारी ते सावलीत बसतं आणि उठत नाही. लोक म्हणतात ऊन लागलं. खरं कारण आठ दिवस आधी सुरू झालेलं असतं.

मोठ्या देशी गाईला किंवा बैलाला उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागतं, म्हशीला ६० ते ८०, शेळी-मेंढीला ५ ते ८. दुभत्या जनावराला प्रत्येक लिटर दुधामागे तीन-चार लिटर आणखी. समजा, एखाद्या गावात १५० गाई-बैल, २० म्हशी आणि २०० शेळ्या आहेत. हिशेब करा, दिवसाला सव्वानऊ हजार लिटरच्या आसपास येतो. ऐकायला मोठा वाटतो. पण ज्या विहिरीला पाणी आहे तिच्यावरचा तीन अश्वशक्तीचा पंप हे पाणी तासाभरात देतो आणि दोन-अडीच युनिट वीज खातो. अख्ख्या गावाच्या ढोरांची दिवसाची तहान म्हणजे एका पंपाचा एक तास. सात आठवड्यांचे पन्नास तास. एवढा पंप आणि एवढी वीज नाही असं गाव दोन्ही जिल्ह्यांत फार थोडं सापडेल, आणि जिथे खरोखर नाही तिथे शासनाने टँकर द्यायलाच हवा.

टाकं बांधायचं कसं, हे सविस्तर सांगतो, कारण चुकीच्या जागी, चुकीच्या मापाने बांधलेली टाकी दोन वर्षांत कोरडी पडून त्यांत पालापाचोळा साठलेला सगळ्यांनी पाहिला आहे. जागा आखराला लागून, उघड्यावर, गावाच्या बाजूला हवी. झुडपांपासून निदान शंभर पावलं दूर. आजूबाजूचा रायमुनिया आणि बेशरमची झुडपं तोडून मैदान साफ करा, म्हणजे बिबट्याला आडोसा मिळणार नाही. जवळ पथदिवा असला तर उत्तम, कारण रात्री भरलेल्या टाक्यावर चितळ, रानडुक्कर येऊ शकतात आणि त्यांच्यामागे दुसरं कोणी. वाघ-बिबट्याच्या पायांचे ठसे दिसले तर लगेच वनरक्षकाला कळवा. ठसे दिसले म्हणून टाकं बंद करू नका, संध्याकाळी ढोरं परतल्यावर उरलेलं पाणी कमी ठेवा आणि सकाळी पुन्हा भरा.

चौकोनी हौदापेक्षा लांब, अरुंद टाकं बरं. वीस फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट पाणी राहील इतकं खोल केलं तर त्यात ३,४०० लिटर मावतं आणि दोन्ही बाजूंनी मिळून सोळा-अठरा ढोरं एका वेळी पितात. चौकोनी हौदावर मारकी म्हैस पुढे आणि वासरं, गाभण गाई मागे राहतात. तिच्यामुळे ढकलाढकलीत शिंग लागतं, कोणी पाणी न पिताच परततं. एका टोकाला बाहेरून भराव घालून भिंत फूटभरच उंच ठेवा, शेळ्या आणि वासरांना तिथून पिता येईल. आतल्या बाजूला एका कोपऱ्यात दगडांचा उतार रचा. खार, पाखरं, सरडे टाक्यात पडतात, त्यांना बाहेर यायला वाट लागते, नाहीतर ती मरून पाणी सडतं. तळाला निचऱ्याचं भोक आणि त्याला घट्ट बूच हवं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टाक्याभोवती चार-पाच फूट दगडी फरशी किंवा मुरमाचा थर. तो नसला की पंधरा दिवसांत तिथे खुरांचा रबरबाट चिखल होतो, ढोरं त्यातच मुततात, आणि गोगलगाई वाढल्या की यकृतातल्या चपट्या कृमींचा फेरा सुरू होतो.

वर सावली हवीच. उन्हात तापलेलं पाणी ढोर पोटभर पीत नाही, ओठ लावून मागे सरतं. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून उघड्यावरून आलेल्या पाइपातलं पाणी तर दुपारी हात पोळेल इतकं तापतं. पाइप वीतभर जमिनीत पुरा. टाक्यावर चार बल्ल्या रोवून तणसाचा किंवा डहाळ्यांचा मांडव घाला. आठवड्यातून एकदा पाणी सोडून आतून घासा आणि चुना मारा, शेवाळ धरणार नाही आणि डासही होणार नाहीत. पाण्याची तोटी तरंगत्या गोळ्याची बसवली तर पाणी वाया जात नाही आणि कोणाला उभं राहून तोटी बंद करावी लागत नाही. शेतीच्या वीजवाहिनीवर वीज मोजके तास मिळते आणि अनेकदा रात्रीची मिळते, म्हणून टाक्याच्या वरच्या अंगाला पाच हजार लिटरची साठवण टाकी ठेवून तिच्यातून उताराने पाणी खाली सोडणं हा खात्रीचा मार्ग. सौर पंप असेल तर तो भर दुपारी, म्हणजे नेमका तहानेच्या वेळी चालतो. ताडोब्यात वनविभाग पाणवठे सौर पंपांवर भरतो, मग गावाच्या आखरावर तसं का होऊ नये?

पाणी बंडीवरून नेणार असाल तर एक गोष्ट हात जोडून सांगतो. कीटकनाशकाचे, तणनाशकाचे किंवा कारखान्यातून विकत आणलेले रसायनांचे ड्रम कितीही धुतले तरी वापरू नका. राजुरा, कोरपना, वरोरा या कापसाच्या पट्ट्यात असे ड्रम घरोघर पडलेले असतात. त्यांतलं विष धुतल्याने जात नाही, आणि ढोर बोलून दाखवत नाही. दुसरं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. माणसाचे दात पिवळे पडतात, सांधे आखडतात, तसंच बैलाचंही होतं. त्याचे दात झिजतात, तो लंगडतो, आणि आपण त्याला म्हातारा समजून विकून टाकतो. जुन्या बोअरवर टाकं जोडण्याआधी पाण्याचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. कोळसा खाणींतून उपसलेलं पाणीसुद्धा तपासल्याशिवाय ढोरांना पाजू नका.

यापेक्षा स्वस्त उपाय हवा असेल तर गावातल्या हातपंपांकडे पाहा. प्रत्येक हातपंपाच्या ओट्यावरून दिवसभर पाणी सांडतं आणि गटारात जातं. तिथून दहा फुटांची पक्की नाली काढून तिच्या टोकाला छोटी डोणी बांधा. शेळ्या-वासरांचं पाणी तेवढ्यात होतं. नळयोजनेच्या उंच टाकीतून ओसंडणाऱ्या पाण्याचंही तेच.

आता बोडी आणि तलावांविषयी. इथे मला थोडं कठोर बोलावं लागेल. पूर्व विदर्भाला माजी मालगुजारी तलावांचं मोठं धन लाभलं आहे. मालगुजारी संपवणारा तेव्हाच्या मध्य प्रदेशाचा कायदा १९५० चा, ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. पण गावाचे निस्तार हक्क संपले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आजही आहे, आणि चराईपासून मासेमारीपर्यंतचे गावाचे वहिवाटी हक्क या कागदांत असतात. तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावाचं निस्तारपत्रक मागा आणि वाचा. पुष्कळ सरपंचांनी ते पाहिलेलंही नसतं. मग ग्रामसभेत ठरवा, की बोडीतलं शेवटचं दोन हात पाणी कोणी उपसणार नाही. उन्हाळी धानासाठी पंप लावून बोडी तळापर्यंत ओढली जाते, मासे काढायला तिचं उरलंसुरलं पाणी सोडलं जातं. धान महत्त्वाचं आहे, मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांचं पोटही महत्त्वाचं आहे, दोघांशी बसून बोलायला हवं. पण एका शेतकऱ्याच्या दोन एकर उन्हाळी धानासाठी साऱ्या गावाची ढोरं वाघाच्या डोहावर जावीत, हे मला मान्य नाही आणि कोणत्याही गावाने ते मान्य करू नये. गाळ काढायचा तो याच महिन्यात निघतो, तेव्हा बोडीच्या एका कोपऱ्यात खोल डबरा करून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं तरी तिथे पाणी राहील.

चंद्रपूर शहराच्या जन्माची आख्यायिका इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला असता तहानेने व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला, एका छिद्रातून झिरपणारं पाणी त्याला सापडलं, आणि जागा साफ केल्यावर खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे दिसले, प्रत्येक ठशात पाणी भरलेलं. त्याच जागी अचलेश्वराचं देऊळ झालं आणि पुढे चांदा वसलं, असं सांगतात. ज्या शहराची गोष्ट गाईच्या पावलातल्या पाण्यापासून सुरू होते, त्याच्या जिल्ह्यात गाईला मे महिन्यात पाणी नसावं, याची शहरात राहणाऱ्यांनाही बोचणी लागली पाहिजे.

शहराच्या वाट्याचं काम आहेच. लग्नसराई भरात आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, वडसा इथे वरातीच्या घोड्या रोज संध्याकाळी सजून निघतात, आणि दिवसभर बांधलेल्या असतात त्या गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर, जिथे नळ नाही आणि झाडही नाही. घोड्याची गोष्ट गाई-बैलांहून नाजूक असते. त्याला रवंथ नाही, खाल्लेलं वाळलेलं गवत मागच्या मोठ्या आतड्यात आंबतं, आणि पाणी कमी पडलं की तिथेच गोळा होऊन अडकतं. पोटशूळ उठतो, घोडं लोळतं, आणि त्याला उलटी करता येत नसल्यामुळे पोटातलं काही बाहेर पडू शकत नाही. कित्येक घोडी यातच दगावतात. साध्या दिवशी घोड्याला २५ ते ३० लिटर पाणी लागतं, उन्हात काम असेल तर ५० च्याही वर, आणि घामातून मीठ भरपूर जात असल्यामुळे मिठाचा खडाही हवा. एका घोडीमागे रोज तीन-चार बादल्या पाणी. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी घोडीवाल्याला पैसे देताना एवढं विचारावं, की घोडीने दुपारी पाणी कुठे प्यालं. वरात निघण्याआधी मंडपाबाहेर एक मोठं घमेलं पाण्याने भरून ठेवावं आणि तिला पोटभर पिऊ द्यावं. जनावराच्या मालकाची बाजूही समजून घ्या, तो भाड्याच्या जागेत राहतो, टँकर त्याला परवडत नाही. प्लॉटशेजारच्या घरांनी नळाला एक लांब पाइप जोडून रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा ड्रम भरून दिला तर त्यांचं काय जाणार आहे? मेंढ्या घेऊन फिरणारे कुरमार धनगरही असेच वाटेत पाणी मागत असतात. त्यांचा कळप आपल्या शेतात बसला तर लेंडीखत आपल्यालाच मिळतं, त्यांना विहिरीवरून हाकलू नका.

लंडनमध्ये १८५९ साली माणसांना फुकट पाणी देणारी एक संस्था निघाली आणि काही वर्षांत तिने आपल्या नावातच जनावरांच्या डोण्या जोडून घेतल्या, कारण शहराच्या रस्त्यांवरची वाहतूक घोड्यांवर चालत होती. मुंबईत त्याच शतकात व्यापाऱ्यांनी आपल्या माणसांच्या नावाने प्याऊ बांधले. त्यांतल्या कित्येकांना वर माणसासाठी तोटी आणि खाली बैल-घोड्यांसाठी कुंडी होती. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई लावण्याची रीत आहेच. या वर्षी ती पाणपोई लावताना शेजारी जनावरांची डोणीही ठेवा.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न ग्रामसभेत पहिला येईल, म्हणून तेही बोलू. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटरचं आहे, त्यात ढोर नाही. असं नेहमीच नव्हतं. पूर्वीच्या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमात वाळवंटी भागासाठी माणशी ४० लिटरवर जनावरांचे ३० लिटर आणखी धरलेले असत. आपला भाग वाळवंट नाही, पण मे महिन्यातल्या ब्रह्मपुरीच्या आखरावर जाऊन उभं राहिलेला कोणीही सांगेल की तो हिशेब इथे लागू व्हायला हवा. तशी मागणी दोन्ही जिल्हा परिषदांनी ठराव करून शासनाकडे करावी. तोवर वित्त आयोगाच्या अनुदानाचा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला भाग पंचायतीकडे आहे. गडचिरोलीतल्या पेसा गावांकडे अबंध निधी आहे. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. रोजगार हमीतून टाकं आणि त्याभोवतालची फरशी होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा, सिमेंट आणि वीज यांचे मोठे उद्योग आहेत, त्यांच्या सामाजिक निधीतून एका गावासाठी टाकं आणि सौर पंप देणं त्यांना अजिबात जड नाही. त्यांच्याकडे मागा, लेखी मागा.

आखरालगतची जमीन वनखात्याची आहे म्हणून हात बांधलेले आहेत, असं अनेक टोल्यांवर ऐकायला मिळतं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन वळती करण्याची तरतूद आहे. त्या सोयींच्या यादीत लहान तलाव, पिण्याच्या पाण्याचा पुरवठा आणि पाइपलाइन, पाणी साठवण्याची कामं ही सगळी आहेत. एका कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पर्यंतच झाडं तोडायची, ही अट. ग्रामसभेची शिफारस लागते. ढोरांच्या टाक्याला एक गुंठाही लागत नाही आणि झाड तर एकही तोडावं लागत नाही. मेंढा-लेखासारख्या गावाने वनहक्क कागदावरून प्रत्यक्षात आणून दाखवले ते याच गडचिरोली जिल्ह्यात. वनविभागानेही इथे मदतीचा हात पुढे करावा, कारण ढोरं जंगलातल्या पाणवठ्यावर न येणं यात वाघाचंही भलं आहे, आणि वाघाने मारलेल्या बैलांच्या भरपाईपेक्षा टाक्याचा खर्च शासनाला स्वस्त पडतो.

ज्यांच्या शेतात आज पाणी आहे त्यांना एक विनंती आहे. आपल्या धुऱ्यावर एक कापलेला सिमेंटचा पाइप किंवा अर्धा पुरलेला रांजण ठेवा आणि ओलित करताना तो भरून टाका. विहिरीला कठडा नसेल तर निदान काट्यांचं घट्ट कुंपण करा. तहानलेलं ढोर पाणी दिसलं की कड पाहत नाही. लम्पी किंवा लाळ्या-खुरकताची लक्षणं असलेलं जनावर सामाईक टाक्यावर आणू नका, त्याला घरी वेगळ्या भांड्यात पाणी द्या.

आणि कोणत्याही ढोराला ऊन लागलेलं दिसलं, म्हणजे ते तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय, लाळ गळतेय, चालताना झोकांड्या जातायत, तर त्याला आधी सावलीत न्या. पाय, पोट आणि मान यांवर साधं पाणी ओतत राहा, गोणपाट भिजवून वारा घाला. पाणी त्याच्यासमोर ठेवा, थोडं थोडं पिऊ द्या, पण पडलेल्या जनावराच्या नरड्यात बाटलीने पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि वाचणारं ढोर मरतं. सोबतच १९६२ या क्रमांकावर फोन लावा, पशुवैद्यकीय मदतीचा हा क्रमांक विनाशुल्क आहे. प्रत्येक गायकीच्या मोबाईलमध्ये तो क्रमांक आजच घालून द्या.

येत्या १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं की निघून जाऊ नका. ढोरांच्या पाण्याचा विषय कार्यसूचीत नसेल तर तिथेच मांडा आणि ठराव लिहून घ्या. त्यात चार गोष्टी नावानिशी असू द्या: पाणी कोणाच्या विहिरीवरून येईल, पंप रोज कोण सुरू करील, वीजबिल कोणत्या खात्यातून जाईल, आणि दर आठवड्याला टाकं कोण घासील. सभेला गायकीला बोलावून पुढे बसवा. कळप कोणत्या वाटेने जातो, कोणत्या डोहावर त्याला भीती वाटते, दुपारी ढोरं कुठे बसतात, हे गावात त्याच्याइतकं कोणालाच माहीत नाही, तेव्हा टाक्याची जागा त्याला विचारूनच ठरवा. बायांनाही विचारा, घरच्या शेळ्यांचं पाणी त्याच भरतात. ठरावाची एक प्रत तलाठ्याकडे द्या, एक पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे, आणि टंचाई आराखड्यात एप्रिल ते जूनच्या कामांत ते घ्या म्हणून एक प्रत तहसीलदाराकडे. सही-शिक्क्याची पोच घ्या. आणि उत्तराची वाट न पाहता २ मे च्या सकाळी, ढोरं आखरावर जमण्याआधी, पंप सुरू करा.